डब्यावरचं लाल फडकं

नारळ फुटला आणि नेट चालू झालं.

काचेच्या दाराबाहेर, पार रस्त्यापर्यंत गेलेल्या रांगेत हात जोडले गेले. ज्यांच्या हातात भाकरीची पिशवी होती त्यांनी ती काखेत मारली आणि मग जोडले. कोणी 'बोला तरंगनाथ महाराज की' म्हणालं, बाकीच्यांनी 'जय' म्हटलं. आत टेबलावरच्या यंत्रावर पहिला अंगठा टेकला, यंत्र पींकन वाजलं आणि कारखान्याच्या गेटवर हजेरी पोचल्याचं पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं. अख्खी सकाळ जे होत नव्हतं ते नारळाचं पाणी फरशीवर सांडल्याबरोबर झालं. असं डोळ्यांदेखत झाल्यावर माणूस विचार कशाला करेल? हात जोडून तो मोकळा होतो. त्याला कामावर जायचं असतं.

हात जोडले नाहीत ते एकट्या कोंडाबाईनं.

ती दाराशेजारच्या लाकडी खुर्चीत, मेन स्विचच्या खाली बसली होती. दारावर 'कोंडाई लेबर सर्व्हिस' असं रंगवलेलं होतं ते तिच्याच नावानं. शिरपूरकडून सिल्वासाला आली तेव्हा जवळ एक तवा होता आणि कडेवर लहानगा मुलगा समाधान. कारखान्याच्या भिंतीबाहेर तिनं भाकऱ्या थापल्या, भाकरी खाणाऱ्यांना काम मिळवून दिलं, काम मागायला आलेल्यांना भाकरी घातली आणि असं करत करत धंदा उभा केला. आता सिल्वासाला मोठं ऑफिस, गलोंड्याला आणि खेरडीला शाखा. कागदावर मालक समाधान, पण हुकूम आईचा. त्यातला सगळ्यात जुना हुकूम मेन स्विचचा. तिच्या जुन्या खाणावळीत एकदा रात्रभर चालू राहिलेल्या पंख्यानं पेट घेतला होता, तेव्हापासून 'कुलपाआधी मेन खाली' हा तिन्ही ऑफिसांचा नियम. सिल्वासाचा स्विच ती स्वतः ओढायची. त्या कामात दुसऱ्याच्या हातावर तिचा भरवसा नव्हता.

देवाशी तिचं भांडण नव्हतं. पण देवाचा दलाल म्हणून कोणी समोर बसला की तिची जीभ खाजायची.

"झालं मोकळं," तरंगनाथ महाराज घाम पुसत म्हणाले. भगवी कफनी, बोटांत अंगठ्या, कानात ब्लूटूथ. "समाधानशेठ, तुमच्या लाईनीत प्रेतलहरी शिरल्या होत्या. लहर म्हणजे काय? कंप. कंप म्हणजे काय? प्राण. कोणाचा तरी अडकलेला प्राण तुमच्या केबलीत येरझाऱ्या घालतोय."

"मग त्याचा रिचार्ज संपत नाही का कधी?" कोंडाबाईनं विचारलं.

रांगेतला एकजण फिसकन हसला आणि शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर गप्प झाला. समाधान ओशाळून म्हणाला, "आई, जाऊ दे ना."

समाधान देवभोळा नव्हता. तो घाबरलेला होता. कामगार सकाळी त्याच्या ऑफिसात अंगठा देतात, ती हजेरी नेटवरून कारखान्याच्या गेटवर जाते, आणि गेटवर नाव दिसलं तरच वॉचमन आत सोडतो. भोंग्याआधी नाव पोचलं नाही की गेट बंद, माणूस घरी आणि त्याच्या जागी दुसऱ्या कंत्राटदाराचा माणूस आत. होळीच्या सुमारास नवीन कॉम्प्युटर आणले, हजेरीचं नवीन सॉफ्टवेअर घेतलं, गलोंडा आणि खेरडीची लाईन सिल्वासाच्या नेटच्या डब्याला जोडली, म्हणजे तिन्ही ऑफिसांचं नेट त्या एकाच डब्यातून जायला लागलं. आणि तेव्हापासूनच सकाळ झाली की नेट अडायला लागलं. दुपारी गाडी सुरळीत. सकाळी मात्र पडद्यावर गोल फिरत राहायचं आणि माणसं बाहेर उभी.

महाराजांचा विधी मोठा पाहण्यासारखा. भिंतीवरचा नेटचा डबा खाली काढून चौरंगावर ठेवायचा, दिवे महाराजांकडे तोंड करून. त्याला हळदकुंकू. मग 'यंत्रांना मौन', म्हणजे सगळे कॉम्प्युटर बंद. गलोंड्याला आणि खेरडीला फोन करून तिथलेही बंद. एकच चालू, हजेरीचा. मग डोळे अर्धे मिटून जप: "ओम् टॉवराय नमः. ओम् सिग्नलाय नमः. ओम् उपग्रहाय फट्." जप कधी लवकर आटपायचा, कधी लांबायचा. नारळ फुटला की नेट चालू. एकदाही चुकलं नव्हतं.

"आई, तुमचं एक मात्र मानलं," जाता जाता महाराज म्हणाले. "सूर्य बुडाला की तुम्ही यंत्रं झोपवता. फार पुण्याचं काम. हे सोडू नका."

कोंडाबाईला त्यांचं तेवढं एक बोलणं पटलं. पटलं याचा रागही आला.

दारात थांबून महाराजांनी आणखी एक विचारलं. "सकाळी यंत्राला पहिला हात कोणाचा लागतो?"

कोणी काही बोलायच्या आत दुसऱ्या टेबलावरची रूपाली म्हणाली, "वैशालीचा."

महाराज फक्त 'हं' म्हणाले. असली माणसं 'हं' म्हणतात तेव्हा समजावं की पुढच्या खेपेची तयारी झाली.

वैशाली ही कोंडाबाईच्या बहिणीची मुलगी. नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला, सासरच्यांनी दार लावलं, भावजयीनं चुलीजवळचा कोपरा तेवढा दिला. लग्नाआधी कॉम्प्युटर शिकलेली होती म्हणून नवीन यंत्रांवर बसवायला कोंडाबाईनं तिला आणलं, आपल्या कामगारांच्या चाळीत खोली दिली, तिच्या मुलीला इथल्या शाळेत घातलं. ही खुर्ची गेली की खोली गेली, खोली गेली की शाळा गेली, आणि मागे तो कोपरा. यंत्रं आली म्हणून वैशाली आली होती. लोक मात्र म्हणायला लागले होते की वैशाली आली म्हणून यंत्रं बिघडली.

त्या दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर कोंडाबाईनं तिला जवळ बोलावलं.

"पोरी, तो बाबा डोळे मिटतो का पुरते?"

"मी नाही पाहिलं, मावशी. मी खाली मान घालून बसते."

"मी पाहिलं. पंगतीत वाढताना कोणाचा डोळा कोणाच्या ताटावर आहे हे मला आयुष्यभर बघावं लागलंय. त्याचा डोळा डब्यावर असतो. डब्यात काय आहे बघण्यासारखं?"

वैशालीनं डबा पुन्हा भिंतीवर लावला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. "दिवे आहेत. लाईन भरलेली असली की हे हिरवे दिवे नुसते फडफडत राहतात. लाईन मोकळी झाली की शांत होतात, मधूनच लुकलुकतात. दिवे शांत झाले की हजेरी जाते. मी रोज बघते."

"आणि हा पूर्वी काय करायचा, माहीत आहे? वापीकडे लोकांच्या गच्चीवर छत्र्या लावायचा, टीव्हीच्या. मला चेतननं सांगितलं, खेरडीच्या. म्हणजे दिवे वाचता येतात त्याला."

"मावशी, त्या सॉफ्टवेअरवाल्यांना मी दोनदा फोन केलाय. त्यांची पल्लवी मॅडम येते म्हणाली होती. समाधानदादा म्हणाला, आधी महाराजांचं होऊ दे."

"होऊ दे. त्याचं नीटच होऊ दे," कोंडाबाई म्हणाली.

पुढच्या खेपेला नेट अडलं तेव्हा रांग आणखी लांब होती, कारण आदल्या दिवशी गेटवरून परत आलेलेही लवकर येऊन उभे राहिले होते. महाराज आले. चौरंग मांडला. डबा आला, हळदकुंकू झालं. यंत्रांना मौन मिळालं. समाधाननं गलोंड्याला फोन केला, खेरडीला केला. महाराजांनी डोळे अर्धे मिटले.

तेव्हा कोंडाबाई उठली. देव्हाऱ्यावरचं लाल फडकं तिनं आणलं होतं. ते घडी मोडून तिनं डब्यावर घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं.

"हे काय, आई?" महाराज म्हणाले.

"उघड्यावर कशी पूजा करायची? देवावर वस्त्र नको?" ती रांगेकडे वळून म्हणाली, "काय रे, नको का?"

"पाहिजे, पाहिजे," रांग म्हणाली. वस्त्राला नाही म्हणायची कोणाची छाती.

महाराजांचा जप सुरू झाला. टॉवर झाला, सिग्नल झाला, उपग्रह झाला, पुन्हा टॉवर आला. कफनीच्या बाहीनं त्यांनी कपाळ पुसलं. एकदा हात लांबवून फडक्याचं टोक सारखं करायला गेले तर कोंडाबाई म्हणाली, "राहू द्या, मी करते," आणि तिनं ते आणखी घट्ट खोचलं. बाहेर कोणीतरी खोकलं. भोंग्याची वेळ जवळ आली होती. शेवटी कधीतरी फोडायला पाहिजेच म्हणून महाराजांनी नारळ फोडला.

वैशालीनं रोजच्यासारखा आधी आपला अंगठा यंत्रावर टेकवला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. पुन्हा टेकवला. गोल फिरतच राहिलं.

"खेरडीचे कॉम्प्युटर अजून बंद झाले नव्हते," ती हळूच म्हणाली. "चेतनचा आता मेसेज आलाय."

कोंडाबाईनं फडकं उचललं. खाली दिवे वेड्यासारखे फडफडत होते. "बघा," ती मोठ्यानं म्हणाली. "दिवे दिसले की ह्यांचा नारळ बरोबर फुटतो. दिवे झाकले की चुकतो. मंत्र तोच होता, नारळ तोच होता. मग चुकलं काय?"

 क्षणभर कोंडाबाईला वाटलं, जिंकले. सरळ दिसत होतं. लहान पोरालाही कळलं असतं.

पण लोकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते महाराजांकडे बघत होते, आता महाराज काय म्हणतात ते ऐकायला. आणि महाराज उठून उभे राहिले.

"बरोबर विचारलंत, आई. चुकलं काय?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "लहरी सुटल्या होत्या. मग परत गेल्या. का गेल्या? कारण पहिला अंगठा जिचा पडला तिचं कपाळ मोकळं आहे."

वैशालीचा हात अजून यंत्रावर होता. तिनं तो मागे घेतला.

"महाराज, तोंड सांभाळा," कोंडाबाई म्हणाली. "ती माझी भाची आहे."

"म्हणून तर तुम्हाला दिसत नाही."

 खोटं बोलण्याचा हा फायदा आहे, ते कुठेही बसतं. खरं एकाच जागी बसतं आणि ती जागा दाखवायला वेळ लागतो. तेवढा वेळ भोंगा थांबत नाही.

भोंगा झाला. गेट बंद झालं. रांग पांगली नाही. गोकुळ म्हणून एक जुना कामगार होता, कोंडाबाईच्या हातच्या भाकऱ्या खाऊन इथं रुळलेला. तो पुढे आला. आवाज चढवला नाही त्यानं, त्याचंच तिला जास्त लागलं.

"आई, आमाले तिच्याशी काही वैर नाही. पण आमचा रोज बुडते. ती इथं बसणार असेल तर आमी दुसरीकडे जातो."

"माझ्या ऑफिसात माझी भाची बसेल," कोंडाबाई म्हणाली.

समाधान म्हणाला, "आई, ऑफिस तुझं. गेट कंपनीचं आहे."

त्याच दिवशी खोली रिकामी झाली. पत्र्याची पेटी, एक गादी, पोरीचं दप्तर. बसस्टँडवर कोंडाबाई सोबत गेली. समाधान येणार होता, आला नाही. पोरगी विचारत होती, शाळेत सांगितलं का. वैशाली पेटीला दोरी बांधत होती.

"मी आहे ना," कोंडाबाई म्हणाली. "मी परत आणते तुला."

"मावशी, फडकं टाकायच्या आधी मला विचारायचं होतंस," वैशाली म्हणाली. रागानं नाही, नुसतं म्हणाली. "बाबा चुकला की त्याला कोणीतरी लागणार होतं. तिथं मी बसले होते."

बस सुटली आणि कोंडाबाई वळली. 

ऑफिसला परत येते तर दारात एक मुलगी रिक्षातून उतरत होती. जीन्स, पाठीवर सॅक.

"समाधान सर आहेत का, आजी? मी पल्लवी. हजेरीच्या सॉफ्टवेअरचं बघायला, नाशिकच्या ऑफिसातून. वैशाली मॅडमनी फोन केला होता."

"आजी म्हणू नको. आणि मॅडम गेली. तू काल का नाही आलीस?"

"काल तुमच्या सरांनी नको म्हणून सांगितलं. उद्या पूजा आहे म्हणाले."

पल्लवीनं वैशालीच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटर उघडला. कीबोर्डवरचं लिंबू उचलून बाजूला ठेवलं. ते रूपालीनं वैशाली उठल्याबरोबर ठेवलं होतं. थोडा वेळ ती वाचत राहिली, मग गलोंड्याला फोन, मग खेरडीला फोन. मग म्हणाली, "सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी अपडेट ओढतायत. तिन्ही लोकेशनचं ट्रॅफिक ह्या एका लिंकवर..."

"नीट मराठीत सांग. मी दुसरीत शाळा सोडली."

पल्लवी हसली नाही, हे कोंडाबाईला आवडलं.

"कॉम्प्युटर बनवणारे मधून मधून त्याच्या दुरुस्त्या पाठवतात. हजेरीच्या सॉफ्टवेअरच्या आमच्याही असतात. मोठा गठ्ठा असतो तो. प्रत्येक कॉम्प्युटर आपापला गठ्ठा नेटवरून ओढून घेतो. तीन ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, आणि जायला रस्ता हा एक डबा. ते ओढत असले की तुमची हजेरी मागे अडकते."

कोंडाबाईनं डोळे बारीक केले. "आमच्या जुन्या चाळीत एक नळ होता. पाणी आलं की सगळ्या खोल्या एकदम तोट्या सोडायच्या. शेवटच्या खोलीत नुसती हवा यायची, फुसफुस. ती शेवटची खोली म्हणजे आमची हजेरी."

"तेच. अगदी तेच."

"म्हणून बाकीच्या तोट्या बंद केल्या की शेवटच्या खोलीत पाणी येतं. हे त्या छत्रीवाल्याचं मौन."

"हो. पण ओढणं अर्धवट राहतं ना मग. पुन्हा चालू केले की बरेचसे पहिल्यापासून ओढतात. जितक्यांदा मौन, तितक्यांदा नवीन ओढणं. त्या माणसानं तुमचं दुखणं बरं नाही केलं, राखून ठेवलं."

"पण मग सकाळीच का? पाणी आमच्याकडे सकाळी सोडायचे म्हणून सकाळी गर्दी. हे काय सकाळीच सोडतात?"

"नाही, आई. हे गठ्ठे रात्री घ्यायचे असं आम्ही लावून दिलंय. रात्री ऑफिस रिकामं, कोणाला त्रास नाही. सकाळपर्यंत काम झालेलं असतं." पल्लवीनं पडद्यावर बोट ठेवलं. "पण तुमचे कॉम्प्युटर रात्री चालूच नसतात. तिन्हीकडचे. सकाळी चालू झाले की ह्यांना रात्रीचं राहिलेलं काम आठवतं आणि सगळे एकदम तुटून पडतात. रात्री बंद कोण करतं इथं?"

बाहेर एक ट्रक गेला. ऑफिसची काच थरथरली. कोंडाबाईनं वर पाहिलं. तिच्या डोक्यावरच मेन स्विच होता, तिच्याच हाताच्या तेलानं काळा पडलेला.

"मी करते," ती म्हणाली.

पल्लवी थोडी गोंधळली. "मग... सोपं आहे. रात्री चालू राहू द्या. आणि मी प्रत्येक ऑफिसात एकच कॉम्प्युटर नेमून देते, तो गठ्ठा आणेल, बाकीचे त्याच्याकडून घेतील. संपलं."

"संपलं," कोंडाबाई म्हणाली. "एवढंच होतं तर."

त्या संध्याकाळी कुलूप लागलं, मेन वरच राहिला. स्विचकडे न बघता ती घरी गेली. गलोंड्याला आणि खेरडीलाही तसंच बजावलं. आणि सकाळी पहिल्या अंगठ्याला यंत्र पींकन वाजलं, दुसऱ्याला वाजलं, तिसऱ्याला वाजलं, रांग नदीसारखी वाहून गेली. भोंग्याच्या आधी सगळे गेटच्या आत.

जाता जाता एकजण दुसऱ्याला म्हणाला, "पाहिलं? पनवती गेली आणि कसं मोकळं झालं."

कोंडाबाई खुर्चीतून ताडकन उठली. तिनं त्यांना थांबवलं, मेन स्विच दाखवला, नळाची गोष्ट सांगितली, पल्लवी काय म्हणाली ते सांगितलं. ते ऐकत होते. मान हलवत होते. आईचा मान ठेवायचा म्हणून ऐकत होते.

"तुमचं बरोबर असेल, आई," गोकुळ म्हणाला. "पण ती होती तोवर बंद होतं, ती गेली आणि चालू झालं. हे तर आमी डोळ्यांनी पाहिलं."

ह्यावर तिच्याजवळ एकच उत्तर होतं आणि ते महागात पडणारं होतं. तिनं पल्लवीला फोन लावला.

"पुढचा गठ्ठा कधी येणार?"

"मंगळवारी रात्री. का?"

"मंगळवारी संध्याकाळी मी मेन खाली ओढणार. तिन्हीकडचा. आणि तू ते एक कॉम्प्युटर नेमायचं काम अजून करू नको."

"आई, बुधवारी हजेरी अडेल."

"अडू दे. वैशाली इथं नसताना अडू दे."

मंगळवारी संध्याकाळी तिनं सगळ्यांना बोलावून त्यांच्यासमोर स्विच ओढला. "उद्या नेट अडेल. मी अडवते आहे. वैशाली शिरपूरला आहे. लक्षात ठेवा."

बुधवारी अडलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. समाधान फोन घेऊन महाराजांना शोधत होता, ते वापीला कोणाच्या दुकानाची शांती करत होते. कोंडाबाईनं डबा स्वतः भिंतीवरून काढला, चौरंगावर ठेवला आणि दिव्यांचं तोंड रांगेकडे केलं, सगळ्यांना दिसतील असं.

"हे फडफडतायत ते बघा. समाधान, कॉम्प्युटर बंद कर. गलोंड्याला सांग. खेरडीला सांग, आणि ह्या वेळी चेतन बंद झालं म्हणेपर्यंत फोन ठेवू नको. आता मी काही बोलणार नाही. मंत्र नाही, जप नाही. तुम्ही दिव्यांकडे बघा."

सगळे बघत होते. दिवे फडफडले, फडफडले, मग एकेक करून शांत झाले. मधूनच एखादा लुकलुकला.

"आता," ती म्हणाली आणि तिनं नारळ फोडला. "लाव अंगठा."

गोकुळनं अंगठा लावला. यंत्र पींकन वाजलं.

"कळलं?" तिनं विचारलं.  "काही नाही ह्यात. दिवे बघायचे आणि फोडायचा. नाही फोडला तरी चालू झालंच असतं. तो पोरीवर बोट ठेवतो आणि तुम्ही..."

 गोकुळ वाकला होता. त्याचं कपाळ तिच्या पायावर होतं. त्याच्या मागचा वाकला. त्याच्या मागचा आपली भाकरीची पिशवी खाली ठेवत होता. कोणीतरी मोबाईल वर धरला होता. रूपाली तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आईंच्या अंगात देवी आली."

"ऊठ रे," कोंडाबाई म्हणाली. "ऊठ, गोकुळ, लाथ घालीन."

तो उठला नाही. देवीनं लाथ घातली तर ते चांगलंच, असं त्याच्या पाठीकडे बघून वाटत होतं.

भोंग्याआधी सगळे गेले. समाधान फरशीवरचं पाणी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "आई, एक बोलू? आता त्या बाबाला बोलवायला नको. अडलं तर तूच..."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वाक्य गिळलं. "ते खोबरं घरी ने," ती म्हणाली. "चटणीला लागेल."

पल्लवीनं मग एकेक कॉम्प्युटर नेमून दिला. नेट अडायचं थांबलं. म्हणजे आता कोणाला काही सिद्ध करून दाखवायचीही सोय राहिली नाही. ऑफिसात दाराशी कोणीतरी कोंडाबाईचा फोटो लावला. तिनं फाडला, दुसरा लागला. वैशालीच्या खुर्चीत रूपाली बसते आणि कीबोर्डजवळ लिंबू असतं. तरंगनाथ महाराज सांगत फिरतात की कोंडाईच्या ऑफिसातली बाधा त्यांनीच ओळखली होती, आई तर त्यांची शिष्या. त्यांना आता जास्त बोलावणी येतात.

वैशालीला फोन केला होता. कापूस वेचायला जाते म्हणाली. पोरगी तिकडच्या शाळेत बसायला लागली.

"ये परत," कोंडाबाई म्हणाली. "मी सगळ्यांना दाखवून दिलं, बाई."

"मग ते मानले?"

कोंडाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी, मी आले आणि कधी एक दिवस जरी ते नेट अडलं, तर?" वैशाली म्हणाली. "यंत्र आहे. कधीतरी अडणारच ना."

रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी कोंडाबाईचा हात सवयीनं वर जातो. स्विचला लागतो आणि तिथंच थांबतो. मग ती तो खाली घेते.

हे वाचणाऱ्यानं एवढंच करावं. तुमच्यासमोर कोणी नारळ फोडून काही चालू करून दाखवलं तर हात जोडायच्या आधी डब्यावर फडकं टाकून बघा. पण त्याच्याही आधी, त्याच्या आसपास कोण बाई खाली मान घालून बसली आहे ते बघा आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. बोट कोणाकडेही वळलं तर विचारा, काल संध्याकाळी ह्या खोलीत कोणी काय बंद केलं होतं. उत्तर साधं असतं, बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं. फक्त ते विचारायचं असतं बस सुटायच्या आधी. बस सुटल्यावर खरं सापडलं तरी ते कोणाच्या उपयोगाला येत नाही.